नऊ महिन्यांचे युद्ध आणि त्यातून घडलेला बांगलादेशी समाज

प्रश्न असा आहे : बांगलादेशाचे मुक्तियुद्ध जेमतेम नऊ महिने चालले, व्हिएतनाम किंवा अल्जीरियाच्या युद्धासारखे ते वर्षानुवर्षे रेंगाळले नाही, मग एवढ्या थोड्या काळात एखाद्या समाजाची घडण खरोखर बदलते, की केवळ झेंडा आणि राज्यकर्ते बदलतात?

दक्षिण आशियाचा आधुनिक इतिहास अनेक वर्षे शिकवताना हा प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या रूपांत आलेला आहे, आणि त्याला एका शब्दात होकार किंवा नकार देणे मला कधी जमलेले नाही. जमिनीची मालकी आणि त्या मालकीवर उभी असलेली गावातील उतरंड युद्धाने फारशी हलली नाही. परंतु राज्ययंत्रणा, सैन्य, शहरी मध्यमवर्ग आणि काहीशा आडवाटेने ग्रामीण स्त्रियांचे जीवन, या चारही ठिकाणी १९७१ पूर्वीचा आणि नंतरचा समाज वेगळा ओळखता येतो. या सगळ्या बदलांतून एकच धागा गेलेला दिसतो. माणसाची प्रतिष्ठा मोजण्याचे जे जुने निकष होते, म्हणजे घराणे, जमीन, उर्दूशी असलेली जवळीक, पाकिस्तानी नागरी सेवेतील हुद्दा, त्या सर्वांच्या वर एक नवा निकष येऊन बसला : मार्च ते डिसेंबर १९७१ या काळात तुम्ही कुठे होता आणि काय करत होता?

हा निकष इतका प्रभावी का ठरला, हे समजण्यासाठी युद्धाचा कालावधी नव्हे तर त्याची व्याप्ती पाहावी लागते. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी सैन्याने ढाका विद्यापीठ, राजारबागची पोलीस वसाहत आणि पिलखाना येथील ईस्ट पाकिस्तान रायफल्सचे मुख्यालय यांच्यावर हल्ला केला, तेव्हा पूर्व बंगालची, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानची, लोकसंख्या सात कोटींच्या आसपास होती. पुढील काही महिन्यांत त्यांपैकी सुमारे एक कोटी माणसे सीमा ओलांडून भारतात आली. म्हणजे दर सात माणसांमागे एक. उरलेल्यांतील कितीतरी लोक शहरांतून आपल्या किंवा परक्या गावांत, आणि तिथे सैन्य पोहोचले की आणखी आतल्या गावांत सरकत राहिले. आपल्याकडील ज्येष्ठ वाचकांना पत्रावर लावावे लागणारे पाच पैशांचे ‘शरणार्थी मदत’ तिकीट आठवत असेल. त्या तिकिटामागे ही लोकसंख्या होती. यात हेही लक्षात घ्यावे लागते की, १९७० च्या नोव्हेंबरमधील चक्रीवादळाने किनारपट्टीवर किमान तीन लाख माणसे आधीच नेली होती. युद्धातील मृतांच्या संख्येवरून तर आजही कडवट वाद होतात. बांगलादेशाचे अधिकृत म्हणणे तीस लाखांचे आहे, तर स्वतंत्र अभ्यासकांचे अंदाज तीन लाखांपासून वर जातात. समाजाच्या घडणीचा विचार करताना या वादाचा निकाल लागण्याची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण खालचा आकडा धरला तरी ज्याच्या जवळचे कोणी मेले नाही, परागंदा झाले नाही किंवा लपून राहिले नाही, असे घर दुर्मिळच होते.

मात्र हा अनुभव सर्वांना आला असला तरी सर्वांना सारखा आला नाही. डिसेंबरमध्ये ढाक्यात जो समाज पुन्हा एकत्र आला, त्यात निरनिराळ्या जागी युद्ध काढलेली माणसे होती. ताजुद्दीन अहमद यांच्या नेतृत्वाखालील हंगामी सरकारबरोबर कलकत्त्यात थिएटर रोडवर बसून कारभार चालवणारे राजकारणी आणि अधिकारी होते. अकरा सेक्टरांत विभागलेल्या मुक्तिवाहिनीत लढलेले सैनिक, विद्यार्थी आणि शेतकऱ्यांची मुले होती, तर काहींनी कादेर सिद्दिकी यांच्या टांगाइलमधील दलाप्रमाणे सीमेपार न जाता आतूनच लढा दिला होता. देश न सोडता, पोटासाठी म्हणा किंवा भीतीपोटी, पाकिस्तानी प्रशासनाखाली नोकरीवर हजर राहिलेले लाखो लोक होते. पश्चिम पाकिस्तानात अडकून पडलेले बंगाली सैनिक आणि कर्मचारी होते, जे १९७३ च्या दिल्ली करारानंतर परतले. आणि शेवटी, पाकिस्तानी सैन्याला साथ देणाऱ्या शांतता समित्यांत किंवा रझाकार दलात सामील झालेले होते. (मराठवाड्यातील वाचकांनी हैदराबादच्या कासिम रझवींच्या रझाकारांशी यांची गल्लत करू नये, पूर्व पाकिस्तानातील हे दल १९७१ मध्येच सैन्याच्या मदतीसाठी उभारलेले होते.)

नव्या सरकारने या अनुभवांना पगार आणि बढतीच्या भाषेत बसवले, आणि माझ्या मते पुढच्या अर्ध्या शतकाच्या राजकारणाचे बीज त्या निर्णयांत आहे. मुक्तियुद्धात भाग घेतलेल्या शासकीय आणि सैनिकी अधिकाऱ्यांना दोन वर्षांची जादा ज्येष्ठता मिळाली. सप्टेंबर १९७२ च्या आदेशाने सरकारी नोकऱ्यांपैकी ३० टक्के जागा मुक्तियोद्ध्यांसाठी, १० टक्के युद्धात अत्याचार सोसलेल्या स्त्रियांसाठी आणि ४० टक्के जिल्हावार ठेवण्यात आल्या. गुणवत्तेवर उरल्या अवघ्या २० टक्के. ज्या देशात खासगी उद्योग जवळपास नव्हता आणि सरकारी नोकरी हाच मध्यमवर्गात शिरण्याचा दरवाजा होता, तिथे युद्धातील सहभागाचे प्रमाणपत्र ही एक मालमत्ताच झाली. साहजिकच तिचा बाजारही भरला. १६ डिसेंबरला पाकिस्तानी सैन्य शरण आल्यावर बंदुका घेऊन मिरवणाऱ्या उपटसुंभ योद्ध्यांना ढाक्यातील लोक उपरोधाने ‘सिक्स्टीन्थ डिव्हिजन’ म्हणत. त्या तुकडीची भरती पुढेही थांबली नाही. मुक्तियोद्ध्यांची यादी प्रत्येक नव्या सरकारने नव्याने केली आणि प्रत्येक वेळी तीत नावे चढली आणि उतरली.

सैन्यात याचे परिणाम सर्वांत घातक झाले. दोन वर्षे पुढे गेलेला कनिष्ठ मुक्तियोद्धा आणि पाकिस्तानातील छावणीतून परतलेला, एकेकाळचा त्याचा वरिष्ठ असलेला अधिकारी हे एकाच भोजनगृहात समोरासमोर बसू लागले. त्यात सरकारने ‘जातीय रक्खी बाहिनी’ हे वेगळे सशस्त्र दल उभारल्याने नियमित सैन्याला आपल्याला डावलले जात असल्याची खात्रीच पटली. पण केवळ ‘योद्धे विरुद्ध परतलेले’ एवढ्याने हे चित्र पूर्ण होत नाही. १५ ऑगस्ट १९७५ रोजी राष्ट्रपती शेख मुजीबुर रहमान यांची कुटुंबासह हत्या करणाऱ्या कटात मुक्तियुद्धात भाग घेतलेलेच अधिकारी होते. कामालपूरच्या लढाईत पाय गमावलेले कर्नल अबू ताहेर हे समाजवादी सैनिकी क्रांतीचे स्वप्न पाहत होते. नोव्हेंबर १९७५ च्या सिपाही उठावात त्यांनी ज्या नजरकैदेतील लष्करप्रमुख झियाउर रहमान यांना मुक्त केले, त्याच झियांच्या राजवटीत जुलै १९७६ मध्ये त्यांना फाशी झाली. झिया स्वतः सेक्टर कमांडर होते आणि मे १९८१ मध्ये चितगावात त्यांची हत्या झाली तेव्हा मारेकऱ्यांमध्येही मुक्तियोद्धेच होते. त्या खटल्यात आणखी काही मुक्तियोद्धे अधिकारी फासावर गेले आणि १९८२ मध्ये सत्ता हाती घेतली ती हुसेन महंमद इर्शाद यांनी, जे १९७१ मध्ये पाकिस्तानात होते. युद्ध संपून अकरा वर्षांच्या आत ते लढलेल्या अधिकाऱ्यांची आघाडीची फळी एकमेकांच्या हातून जवळपास संपली होती.

मध्यमवर्गाच्या बाबतीत युद्धाने एकाच वेळी दोन उलट गोष्टी केल्या : वरची जागा रिकामी केली आणि ती भरू शकणारी माणसे मारली. शरणागतीच्या आधीच्या दोन दिवसांत, १४ आणि १५ डिसेंबरला, पाकिस्तानी सैन्याला साथ देणाऱ्या अल्-बदर या दलाने मुनीर चौधुरींसारखे प्राध्यापक, फजले रब्बी आणि आलीम चौधुरींसारखे डॉक्टर, शहीदुल्ला कैसर यांच्यासारखे पत्रकार घरांतून उचलले आणि ढाक्याच्या रायेरबाजार व मीरपूर भागांत ठार केले. दुसरीकडे, गिरण्या, बँका, विमा कंपन्या आणि चहाचे मळे ज्यांच्या ताब्यात होते ते पश्चिम पाकिस्तानी उद्योगपती निघून गेले होते. २६ मार्च १९७२ रोजी ताग, कापड आणि साखर उद्योग तसेच बँका यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि आधुनिक उद्योगांतील स्थावर भांडवलापैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग सरकारकडे आला. याला समाजवाद म्हटले गेले, आणि काही नियोजनकारांचा तो प्रामाणिक विश्वासही होता. परंतु मालक पळून गेलेले कारखाने सरकारने चालवण्यावाचून गत्यंतर नव्हते, हेही तितकेच खरे. काल दुय्यम पदावर असलेला बंगाली अधिकारी आज महामंडळाचा व्यवस्थापक झाला. घरे, दुकाने आणि परवाने यांचे वाटप पक्षाच्या ओळखीवर झाले. आजच्या बांगलादेशातील अनेक धनिक घराण्यांची पहिली पायरी या परवान्यांत आणि ‘परित्यक्त मालमत्ते’त सापडते, पिढीजात भांडवलदार नसलेल्या त्या देशात एक नवा धनिकवर्ग दहा-पंधरा वर्षांत तयार झाला.

या नव्या वर्गातील एका माणसाचा प्रवास मला बोलका वाटतो. नूरुल कादेर हे मार्च १९७१ मध्ये पाबना जिल्ह्याचे उपायुक्त होते. त्यांनी जिल्ह्यात प्रतिकार उभा केला आणि नंतर हंगामी सरकारात सचिव झाले. युद्धानंतर काही वर्षांनी ते व्यवसायात उतरले आणि ‘देश गारमेंट्स’ कंपनीतर्फे १९७९ मध्ये त्यांनी सुमारे १३० तरुणांना दक्षिण कोरियातील देवू कंपनीकडे शिलाईकाम आणि निर्यातीचे तंत्र शिकायला पाठवले. त्या तुकडीत स्त्रियाही होत्या. परतल्यावर त्यांपैकी बहुतेकांनी ‘देश’ सोडून स्वतःचे किंवा दुसऱ्यांचे कारखाने उभे केले. आज बांगलादेशाच्या निर्यातीत ऐंशी टक्क्यांहून अधिक वाटा तयार कपड्यांचा आहे, आणि त्या उद्योगाची वंशावळ याच तुकडीपर्यंत जाऊन भिडते. तागाच्या गिरण्यांचे मात्र झाले ते वेगळेच. एकेकाळी जगातील सर्वांत मोठी म्हणवली जाणारी नारायणगंजची आदमजी गिरणी तोट्यात रुतत जाऊन २००२ मध्ये बंद पडली.

गावाकडे वळले की उत्साह आवरता घ्यावा लागतो. जमीनधारणेची कमाल मर्यादा १०० बिघे (सुमारे ३३ एकर) ठरवली गेली आणि २५ बिघ्यांपर्यंतच्या शेतकऱ्यांचा जमीन महसूल माफ झाला. पण जिथे बहुसंख्य कुटुंबांकडे दोन-तीन एकरसुद्धा नव्हते, तिथे शंभर बिघ्यांवरचा जमीनदार शोधून वाटपाला कितीशी जमीन मिळणार? शांतता समितीतील काही मातब्बर मारले गेले, काही पळाले. त्यांच्या जागी मदतवाटप समित्यांवर सत्ताधारी अवामी लीग पक्षाची माणसे आली, जी पुष्कळदा त्याच खातेदार कुटुंबांतील होती. बंदूक घेऊन परतलेल्या शेतमजुराच्या मुलाला काही महिने गावात मान मिळाला, मग बंदूक जमा झाली आणि तो पुन्हा दुसऱ्याच्या शेतात गेला. १९७४ च्या दुष्काळात तर त्याला त्याची नेमकी किंमत कळली. पुरानंतर तांदळाचे भाव भडकले, क्यूबाला तागाची पोती विकल्याचे निमित्त करून अमेरिकेने धान्याची मदत रोखली, आणि रंगपूरसारख्या जिल्ह्यांत भूमिहीन माणसे रस्त्यांवर मेली. सरकारने मृतांचा आकडा सुमारे २७,००० दिला; इतरांचे अंदाज त्याच्या कितीतरी पटींनी मोठे आहेत. त्या वर्षी देशातील धान्याची एकूण उपलब्धता आसपासच्या वर्षांपेक्षा कमी नव्हती, हे अमर्त्य सेन यांनी नंतर दाखवून दिले. मजुराच्या हातात ते विकत घेण्याची ताकद उरली नव्हती. मुक्तियुद्धाने सत्ताधाऱ्यांना दिलेली नैतिक पुंजी खरे तर या दुष्काळात खर्ची पडली, सैनिकी कट त्यानंतर आला.

जाता जाता महाराष्ट्राशी जोडलेला एक धागा. नव्या देशाच्या टाका या चलनाच्या पहिल्या नोटा १९७२ मध्ये नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात छापल्या गेल्या होत्या. भारताने ठरल्यापेक्षा जास्त नोटा छापून बाजारात सोडल्या, अशी अफवा लगेच पसरली आणि त्या नोटा पुढे मागे घ्याव्या लागल्या. भारतीय सैन्य मार्च १९७२ मध्येच परत गेले होते, तरीही मुक्तिदात्याविषयीची कृतज्ञता आणि त्याच्याविषयीचा संशय या दोन भावना बांगलादेशी समाजात किती लवकर शेजारी शेजारी नांदू लागल्या, हे या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रकरणावरून दिसते.

स्त्रियांविषयी अधिक विस्ताराने लिहायला हवे, कारण तिथे युद्धाचे परिणाम सर्वांत वेदनादायी आहेत आणि सर्वांत दूरगामीही. सैन्याने आणि त्याच्या साथीदारांनी बलात्कार केलेल्या स्त्रियांची संख्या सरकारी पातळीवर दोन लाख सांगितली जाते. सरकारने डिसेंबर १९७१ मध्येच त्यांना ‘वीरांगना’ ही पदवी दिली, फेब्रुवारी १९७२ मध्ये पुनर्वसन मंडळ स्थापले, गर्भपाताला असलेली कायद्याची बंदी त्यांच्यापुरती शिथिल केली आणि जन्मलेल्या मुलांना परदेशी दत्तक देण्यासाठी खास आदेश काढला. त्या काळात दुसऱ्या कोणत्याही राज्यकर्त्याने अशा स्त्रियांचा जाहीर गौरव केल्याचे मला माहीत नाही. मात्र पदवी सरकारची होती आणि राहायचे समाजात होते. बहुतेक घरांनी लेकीसुना परत घेतल्या त्या ‘काही घडलेच नाही’ या अटीवर, आणि पुष्कळ घरांनी त्याही अटीवर घेतल्या नाहीत. राखीव १० टक्के जागांवर दावा सांगायला स्त्रिया पुढे येईनात, कारण अर्ज करणे म्हणजेच ओळख उघड करणे होते. त्या जागा शेवटी सर्वसाधारण महिला आरक्षणात गेल्या. शिल्पकार फिरदौसी प्रियभाषिणी यांनी आपल्यावरील अत्याचार जाहीरपणे सांगितले ते नव्वदच्या दशकात, आणि वीरांगनांची नावे मुक्तियोद्ध्यांच्या राजपत्रात आली ती २०१५ मध्ये. ज्या स्त्रिया प्रत्यक्ष लढल्या त्यांचीही तऱ्हा फार वेगळी नव्हती. तारामन बीबी यांना ‘बीर प्रतीक’ हा शौर्य सन्मान १९७३ मध्ये जाहीर झाला होता. तो मिळाल्याचे त्यांना कळले १९९५ मध्ये, एका संशोधकाने त्यांना त्यांच्या गावी शोधून काढल्यावर.

परंतु १९७२ मध्ये स्त्रियांसाठी उघडलेली काही दारे पुन्हा पूर्णपणे मिटली नाहीत. बलात्कारपीडित स्त्रियांसाठी उभारलेल्या गर्भपात सेवेतून डॉक्टरांना जे तंत्र आणि जो प्रशासकीय अनुभव मिळाला, त्याच्या पाठोपाठ १९७४ पासून ‘मासिक पाळी नियमन’ या नावाने सुरुवातीच्या आठवड्यांतील सेवा सुरू झाली आणि १९७९ मध्ये ती राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रमात आली. गर्भपातविरोधी वसाहतकालीन कायदा जसाच्या तसा ठेवून हे घडले. मुस्लिमबहुल आणि अत्यंत गरीब देशात हा मार्ग युद्धाशिवाय निघाला असता, असे मला वाटत नाही.

दुसरे दार त्रिपुरातील बिश्रामगंज येथे उघडले. तिथे लंडनहून परतलेले शल्यचिकित्सक जफरुल्ला चौधुरी आणि त्यांचे सहकारी एम. ए. मोबिन यांनी मुक्तियोद्ध्यांसाठी बांबूच्या झोपड्यांत रुग्णालय उभे केले, ज्याची जबाबदारी पुढे कॅप्टन सितारा बेगम यांनी सांभाळली. परिचारिका मिळत नव्हत्या, म्हणून कोणतेही वैद्यकीय शिक्षण नसलेल्या तरुण मुलींना थोडक्या दिवसांत तयार करण्यात आले आणि त्यांनी जखमींची शुश्रूषा उत्तम केली. युद्ध संपल्यावर हाच प्रयोग सावर येथे ‘गणस्वास्थ्य केंद्र’ म्हणून उभा राहिला, आणि सायकलवरून गावोगाव जाणाऱ्या स्त्री आरोग्य कार्यकर्त्या तिथे दिसू लागल्या. सत्तरच्या दशकातील बंगाली खेड्यात बाईने सायकल चालवणे ही लहान गोष्ट नव्हती. १९८२ च्या राष्ट्रीय औषध धोरणामागेही चौधुरींचाच आग्रह होता. त्या धोरणाने सुमारे १,७०० निरुपयोगी किंवा घातक औषधे बाजारातून काढली आणि देशी औषध उद्योगाला वाट करून दिली.

फजले हसन आबेद यांची कथा याच जातीची आहे. ते चितगावात शेल तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. युद्धकाळात लंडनला जाऊन त्यांनी बांगलादेशासाठी मोहीम चालवली आणि नंतर तिथले आपले घर विकून त्या पैशांतून सुनामगंज भागातील शाल्ला येथे, मेघालयातून परतणाऱ्या, बहुतांशी हिंदू असलेल्या निर्वासितांसाठी घरे आणि मासेमारीच्या होड्या उभ्या करण्याचे काम १९७२ मध्ये सुरू केले. ‘ब्रॅक’ ही संस्था त्यातून जन्मली. बनगावच्या निर्वासित छावणीत १९७१ मध्ये कॉलऱ्याची साथ पसरली असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यायचे सलाईन संपल्यावर मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजून मृत्यूचे प्रमाण ३ ते ४ टक्क्यांवर आणले होते. पुढे १९८० च्या दशकात ब्रॅकच्या कार्यकर्त्या एक कोटीहून अधिक घरांत गेल्या आणि तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ व अर्धा शेर पाणी यांचे मिश्रण कसे करायचे, हे त्यांनी प्रत्येक आईला प्रत्यक्ष करून दाखवले. बांगलादेशातील बालमृत्यूंच्या घटीत या कामाचा वाटा मोठा आहे. नव्या राज्याकडे गावापर्यंत पोहोचणारी यंत्रणाच उरली नव्हती, आणि युद्धाने हात मोकळे आणि मन पेटलेले असे सुशिक्षित तरुण मात्र भरपूर मागे ठेवले होते. या दोन गोष्टींच्या जोडीने स्वयंसेवी संस्थांचे जे जाळे तयार झाले, त्याला दक्षिण आशियात तोड नाही. या संस्था राज्याची जागा घेतात आणि गरिबाला हक्क मागण्याऐवजी कर्ज घ्यायला शिकवतात, हा त्यांच्यावरील आक्षेप मला बराचसा मान्य आहे. तरीही घराबाहेर पडून कमावणाऱ्या बाईची सवय गावाला या कार्यकर्त्यांनीच लावली, आणि कपड्यांच्या कारखान्यांना लाखो मुली मिळाल्या त्या अशाच गावांतून.

या नव्या राष्ट्रात ज्यांना जागा मिळाली नाही त्यांच्याकडे पाहिल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही. फाळणीच्या वेळी बिहारमधून आलेल्या उर्दूभाषकांपैकी अनेकांनी पाकिस्तानची बाजू घेतली होती आणि काहींनी अत्याचारांत भागही घेतला होता. त्याची शिक्षा डिसेंबरनंतर, आणि काही ठिकाणी मार्च १९७१ मध्येच, संपूर्ण समाजाला भोगावी लागली. कत्तली झाल्या, घरे गेली, आणि पाकिस्तानने यांपैकी काहींनाच नेल्यामुळे उरलेले लोक ढाक्यातील मोहम्मदपूरच्या ‘जिनिव्हा कॅम्प’सारख्या वस्त्यांत कोणत्याही देशाचे नागरिक नसल्यासारखे राहिले. उच्च न्यायालयाने त्यांचे नागरिकत्व मान्य केले ते २००८ मध्ये, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या काळात.

हिंदूंची स्थिती वेगळ्या प्रकारे विपरीत आहे. सैन्याने त्यांना वेचून लक्ष्य केले होते आणि भारतात आलेल्या निर्वासितांत बहुसंख्य तेच होते. स्वतंत्र देशाच्या १९७२ च्या संविधानाने धर्मनिरपेक्षता हे चार मूलतत्त्वांपैकी एक मानले आणि धर्माधारित राजकारणावर बंदी घातली. पण १९६५ च्या युद्धानंतर पाकिस्तानने हिंदूंच्या जमिनी ‘शत्रू संपत्ती’ म्हणून बळकावण्यासाठी केलेली व्यवस्था रद्द झाली नाही; १९७४ मध्ये ती ‘निहित संपत्ती’ या नावाने चालू राहिली आणि जमिनी परत करण्याचा कायदा येईपर्यंत २००१ साल उजाडले. लोकसंख्येतील हिंदूंचे प्रमाण १९६१ च्या जनगणनेत १८.५ टक्के होते, १९७४ मध्ये ते १३.५ टक्के झाले आणि २०२२ मध्ये आठ टक्क्यांच्याही किंचित खाली आले. मार्च १९७१ मध्ये सैन्याने उद्ध्वस्त केलेले ढाक्याचे रमना काली मंदिर पुन्हा उभे राहून त्याचे उद्घाटन व्हायला २०२१ चा डिसेंबर यावा लागला. झियाउर रहमान यांनी धर्मनिरपेक्षता संविधानातून काढली आणि इर्शाद यांनी १९८८ मध्ये इस्लामला राजधर्म केले, हे खरेच. परंतु जमिनींबाबतचा निर्णय त्याआधीचा, मुजीब यांच्याच सरकारचा आहे, याकडे अवामी लीगचे सहानुभूतीदार सहसा दुर्लक्ष करतात.

चितगावच्या डोंगराळ भागातील चाकमा आणि इतर जमातींना तर नव्या राष्ट्राच्या व्याख्येतच स्थान नव्हते. सर्व नागरिक ‘बंगाली’ म्हणून ओळखले जातील, असे कलम ऑक्टोबर १९७२ मध्ये संविधान सभेत आले तेव्हा मानवेंद्र नारायण लारमा यांनी आपण बांगलादेशी आहोत पण बंगाली नाही, असे सांगत सभात्याग केला. भाषेसाठी रक्त सांडलेल्या लोकांना दुसऱ्याची भाषा दिसू नये, यात नवल नाही. विजयी राष्ट्रवादाचा हा जुनाच दोष आहे. त्या डोंगरांतील सशस्त्र संघर्ष पुढे दोन दशके चालला आणि करार झाला तो डिसेंबर १९९७ मध्ये.

अपराध्यांच्या बाबतीतही समाजाने जवळपास चाळीस वर्षे काढली. १९७२ च्या आदेशाखाली सुमारे ३७,००० लोकांना पाकिस्तानी सैन्याशी सहकार्य केल्याच्या आरोपावरून अटक झाली होती, नोव्हेंबर १९७३ मध्ये बहुतेकांना माफी मिळाली आणि १९७५ च्या अखेरीस तो कायदाच रद्द झाला. मुलगा युद्धात गमावलेल्या जहानारा इमाम यांनी १९९२ मध्ये ढाक्यात जनतेचे न्यायालय भरवले, २०१० मध्ये सरकारने अधिकृत न्यायाधिकरण नेमले आणि २०१३ मध्ये शाहबाग चौकात फाशीची मागणी करणारे तरुण युद्धानंतर जन्मलेले होते. त्या खटल्यांतील उणिवा गंभीर होत्या, असे माझे मत आहे. पण ते मत ज्यांच्या घरातील माणूस १९७१ मध्ये परत आला नाही त्यांच्यासमोर मांडणे सोपे नाही, हेही मला ठाऊक आहे.

आता सुरुवातीला सांगितलेला तो नवा निकष आज कुठे पोहोचला आहे ते पाहू. ३० टक्के आरक्षण १९९७ मध्ये मुक्तियोद्ध्यांच्या मुलांना आणि २०१० च्या सुमारास नातवंडांना लागू झाले. योद्ध्याचा सन्मान असा वारसाहक्क बनल्यावर तो पदवीधर बेरोजगारांना खुपणारच होता. २०१८ च्या आंदोलनानंतर ही पद्धत रद्द झाली. ५ जून २०२४ ला उच्च न्यायालयाने ती पुन्हा आणली आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले. १४ जुलैला तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी, मुक्तियोद्ध्यांच्या नातवंडांना नोकऱ्या द्यायच्या नाहीत तर काय रझाकारांच्या नातवंडांना द्यायच्या, अशा अर्थाचे विधान केले, आणि त्या रात्री ढाका विद्यापीठात मुले उपरोधाने स्वतःलाच रझाकार म्हणवून घोषणा देऊ लागली. ज्या शब्दाने चार दशके कोणाचेही तोंड बंद करता येत असे, त्याची धार त्या रात्री बोथट झाली. २१ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने मुक्तियोद्ध्यांच्या कुटुंबीयांचा वाटा ५ टक्क्यांवर आणला, परंतु तोवर गोळीबार होऊन गेला होता. १ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात १,४०० पर्यंत माणसे मारली गेली असावीत, असा संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा अंदाज आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये हसीना यांची सत्ता गेली, पण सत्तांतरानंतरही यादीचा प्रश्न मिटलेला नाही. जून २०२५ मध्ये मोहम्मद युनूस यांच्या हंगामी सरकारने अध्यादेश काढून मुक्तियोद्ध्याची व्याख्या पुन्हा बदलली. त्यानुसार शस्त्र घेऊन लढलेले, वीरांगना, रणक्षेत्रातील रुग्णालयांत काम केलेले आणि १९७१ च्या कलकत्त्यातील हंगामी सरकारचे मंत्री हे मुक्तियोद्धे राहिले, तर त्या सरकारचे कर्मचारी, ‘स्वाधीन बांगला बेतार’ या नभोवाणी केंद्राचे कलावंत, परदेशांत लोकमत जागवणारे आणि निधीसाठी भारतभर सामने खेळलेला फुटबॉल संघ यांची रवानगी ‘सहयोगी’ या वेगळ्या वर्गात झाली.